बालकांचा नित्य शिरःशूल : क्वाथापूर्वी एक प्रश्न

ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत तासगावजवळच्या एका गावातून इयत्ता दहावीची विद्यार्थिनी आमच्या चिकित्सालयात आली. सहा महिने जवळजवळ रोज डोके दुखत होते. आईवडील पहाटेच द्राक्षबागेत जात. मुलगी चहा घेऊन उपाशीपोटी शाळेत, रात्री जागून अभ्यास. वातपित्तप्रधान शिरःशूल समजून आम्ही पथ्यादि क्वाथ दिला. तीन आठवड्यांत गुण नाही. पुढच्या भेटीत आई सहज म्हणाली, "दुकानातली गोळी घेतल्याशिवाय तिचं अभ्यासात मनच लागत नाही." हा प्रश्न आम्ही पहिल्याच दिवशी विचारावयास हवा होता.

महिन्यातून १५ वा अधिक दिवस, असे तीन महिने डोके दुखल्यास आधुनिक वैद्यक त्यास दीर्घकालीन नित्य शिरःशूल म्हणते. मूळचा शिरःशूल असलेल्या रुग्णाने पॅरासिटामॉलसारखे साधे वेदनाशामक महिन्यातून १५ वा अधिक दिवस, तीन महिन्यांहून जास्त घेतल्यास औषधच वेदना टिकवून धरू शकते. संयुक्त गोळ्यांसाठी ही मर्यादा १० दिवसांची आहे.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या १७व्या अध्यायात वेगधारण, दिवास्वाप व रात्रिजागरण ही शिरोरोगाची कारणे सांगितली आहेत. आजच्या किशोरवयीनांच्या दिनचर्येत ती सारी आढळतात. त्यांत या गोळीची भर घालावी, म्हणजे निदानपरिवर्जन पूर्ण होईल.

आम्ही गोळी बंद केली. पहिले काही दिवस वेदना वाढेल, हे आईला आधीच सांगितले. वेळेवर निद्रा, सकाळी भाकरी-दूध, पुरेसे पाणी, प्रतिमर्श नस्य व तोच क्वाथ. शिवाय डोके दुखेल त्या दिवशी भिंतीवरील दिनदर्शिकेवर खूण. दुसऱ्या महिन्यात खुणा चारच राहिल्या. सात वर्षांखालील बालकास नस्यकर्म वर्ज्य, हा वाग्भटाचार्यांचा दंडक मात्र विसरू नये.

पहाटेच्या उलट्या, झोपमोड करणारी वेदना, तोल जाणे, दुहेरी दिसणे, आकडी, ज्वरासह मान ताठणे यांपैकी काहीही आढळल्यास क्वाथात वेळ न दवडता तत्काळ रुग्णालयात पाठवावे. दृष्टी व रक्तदाब तर प्रत्येकाचाच तपासावा.

औषधविक्रेत्या बंधुभगिनींस विनंती. बारा वर्षांखालील मुलांसाठी निमेसुलाइडवर २०११ पासून बंदी आहे, ती पाळावीच. पण एकाच घरातून मुलासाठी वेदनाशामकाची पट्टी वारंवार नेली जाते, हे वैद्याआधी आपणांसच दिसते. अशा वेळी पट्टी देण्यापूर्वी "किती दिवस दुखतंय?" एवढे अवश्य विचारावे.