रात्री अडीच वाजता आमचे दप्तर कोण चाळत होते?

व्यापारी बंधूंनो, भिवंडीच्या आमच्या पेढीत ताग्यांचा साठा आणि उधारीचा हिशेब एका संगणकावर आहे. गादीवरून व गोदामातून माणसे तो पाहतात. बाहेरच्या इंटरनेटला तो उघडा नाही. म्हणून आम्ही निर्धास्त होतो.

या सर्व्हरची एक आवक-जावक वही असते, तिला लॉग म्हणतात. कोणत्या पत्त्यावरून, किती वाजता, काय मागितले, काय उत्तर गेले, हे तीत आपोआप उतरते. एकदा संगणक फार मंद झाला म्हणून ती उघडली. रात्री अडीचच्या सुमारास एकाच पत्त्यावरून शेकडो मागण्या! ‘अ‍ॅडमिन’, ‘बॅकअप डॉट झिप’, ‘पीएचपीमायअ‍ॅडमिन’. पत्ता १९२.१६८ ने सुरू होणारा, म्हणजे घरातलाच.

शक गेला संगणक सांभाळणाऱ्या पोरावर. पाच वर्षांचा आमचा माणूस. आम्ही चारचौघांत त्याच्याकडून किल्ली मागितली. तो एवढेच म्हणाला, “चाचा, किल्ली घ्या. पण तो पत्ता कोणत्या यंत्राचा, ते आधी राउटरमध्ये बघा.”

राउटरच्या यादीत प्रत्येक पत्त्यासमोर यंत्राचा मॅक क्रमांक असतो. त्याच्या पहिल्या सहा अक्षरांवरून बनवणारी कंपनी कळते. निघाला कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, चोरांवर नजर ठेवायला बसवलेला! मोबाइलवर चित्र दिसावे म्हणून बसवणाऱ्याने राउटरमधून त्याला बाहेरची वाट दिली होती. पासवर्ड कारखान्यातला तोच. २०१६ साली ‘मिराई’ने असल्याच पासवर्डांवर असंख्य कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले होते. आम्ही ते वाचले होते, आणि विसरलोही होतो.

मग एकेक ओळ तपासली. उत्तर ४०४ म्हणजे तसली वस्तू नाही. २०० म्हणजे दिली. हजारो ४०४ मध्ये एक २०० सापडला. उधारीखात्याची जुनी नक्कल कोणीतरी, बहुधा आम्हीच, तेथे ठेवून दिली होती. ओळीत किती बाइट गेले तेही असते. पूर्ण फाइल गेली होती. रेकॉर्डरकडून पुढे कोठे, ते आमच्या वहीत नाही.

हे केव्हापासून चालले होते, तेही कळले नाही. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशात लॉग १८० दिवस जपायला सांगितले आहे. आमच्याकडे सातच दिवसांचे होते.

लॉगची नक्कल काढून ठेवली, रेकॉर्डर तोडला, पासवर्ड बदलले, नक्कल काढून टाकली. खात्यातल्या प्रत्येक व्यापाऱ्याला आम्ही स्वतः फोन केला. दोघांनी बोलणे टाकले.

पोरगा आठ दिवसांनी परत आला. किल्ली मात्र त्याने अजून घेतलेली नाही.