लोणारच्या काठावरचे चुंबकी कण

लोणारला गेलेला माणूस आधी सरोवराचं पाणी पाहतो. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं, तेव्हा तर साऱ्या महाराष्ट्राचं लक्ष तिकडे लागलं होतं. माझी ओढ मात्र काठाच्या काळ्या दगडाकडे. मेहकर-सुलतानपूरच्या रस्त्याने मी वर्षानुवर्षं तिथे जात आलो आहे, खिशात होकायंत्र आणि दोऱ्याला बांधलेलं चुंबक घेऊन. पावसाळ्यानंतर ओहोळाच्या वाळूतून ते ओढलं की त्याला काळ्या मिशा फुटतात.

हे सरोवर ज्या विवरात आहे, त्याची माहिती थोडक्यात सांगतो. बुलढाणा जिल्ह्यातल्या या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर यांनी त्याची नोंद केली. पुढे बरीच वर्षं ते ज्वालामुखीचं तोंड समजलं गेलं. १९७३ मध्ये फ्रेड्रिक्सन आणि सहकाऱ्यांनी उल्काघाताचे पुरावे प्रसिद्ध केले.

आता कणांकडे येतो. काठाचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. त्याचा बहुतेक भाग चुंबकाच्या दृष्टीने मुका असतो. त्यात विखुरलेले टायटॅनोमॅग्नेटाइटचे बारीक कण तेवढे बोलके. लाव्हा थंड होताना, शुद्ध मॅग्नेटाइट असेल तर सुमारे ५८० अंश सेल्सिअसच्या खाली, हे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची दिशा पकडतात आणि कोट्यवधी वर्षं धरून ठेवतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या डॉइश, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांनी १९५० च्या दशकात दख्खनच्या दगडांतली ही दिशा मोजली. अशा मोजमापांतून दिसलं, की सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा थंड झाला तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. आपल्या घराच्या चौथऱ्याचा दगड दक्षिण गोलार्धात जन्मला, हे शाळेत पहिल्याच दिवशी सांगायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

लोणारचा काठ इथेच वेगळा ठरतो. आघाताने लाव्ह्याचे थर उचलले गेले आणि बाहेरच्या बाजूला कलंडले. काही ठिकाणी तर उलटेही झाले. दगड कलंडला तशी त्याच्या पोटातली चुंबकी दिशाही कलंडली. म्हणून ती दिशा मोजून थर किती वळला ते काढता येतं. आघाताचा धक्का चुंबकत्व पुसूही शकतो: मंगळावरच्या हेलास आणि आर्गायरसारख्या प्रचंड आघात-खोऱ्यांत कवचाचं चुंबकत्व क्षीण आढळतं. धक्क्याने हे कण कसे बदलतात हे समजायला बेसॉल्टमधलं विवर हवं, आणि पृथ्वीवर अशी विवरं फार थोडी.

विवराच्या उत्तरेला मोठा मारुतीचं देऊळ आहे. तिथली निजलेली मूर्ती आकाशातून पडलेल्या चुंबकी दगडाची आहे, असं गावात सांगतात. मला वाटतं, साधा बेसॉल्टही होकायंत्राची सुई हलवू शकतो; त्यावर वीज पडलेली असेल तर जोरात. त्या श्रद्धेमागे कुणाची तरी चोख नजर आहे, याबद्दल मला शंका नाही.

इथून थोडं भरकटतो. शेजारी असलेले कण आपापल्या क्षेत्राने एकमेकांना वळवतात, आणि अणूंच्या पातळीवर ते एकमेकांना कसे वळवतात, हा प्रश्न आज प्रयोगशाळांत गाजतो आहे. टोपोलॉजिकल इन्सुलेटर नावाचे पदार्थ आतून वीज वाहू देत नाहीत, काठावर मात्र देतात. २००७ मध्ये जर्मनीतल्या व्युर्त्सबुर्गच्या गटाने पारा-टेल्युराइडच्या अतिपातळ थरात हे दाखवलं. तिथे काठाने एका दिशेला जाणाऱ्या इलेक्ट्रॉनची फिरकी (स्पिन) एक, उलट जाणाऱ्याची विरुद्ध. साधी अशुद्धी अशा इलेक्ट्रॉनला मागे फिरवू शकत नाही. चुंबकी अणू मात्र त्याची फिरकी पालटून त्याला माघारी धाडू शकतो. असे दोन अणू काठावर असले, की ते त्याच इलेक्ट्रॉनांच्या मध्यस्थीने दुरूनही एकमेकांची दिशा ठरवू लागतात. लोणारच्या काठाचं भौतिकशास्त्र अगदी निराळं, पण हे वाचताना मला तोच काठ दिसतो.

विवराचं वय अजून वादात आहे. थर्मोल्युमिनिसन्सने सुमारे ५२ हजार वर्षं, तर २०११ च्या आर्गॉन मोजणीने सुमारे ५ लाख ७० हजार. मला दुसरा आकडा पटतो. लोणारला गेलात तर काठाची वाट धरा, बाहेर झुकलेले थर शोधा, होकायंत्र दगडाच्या अगदी जवळून फिरवा. दगड मात्र जागीच राहू द्या. उचलला की त्याची दिशा हरवली, आणि मोजणाऱ्याला त्याचा उपयोग राहत नाही.