ॲपच्या पोटात – ६ : फॅट बदलली की रक्कम बदलायलाच हवी

गेल्या भागात आपण फ्लटरमधलं सेटस्टेट पाहिलं. एका पडद्यापुरतं ते छान पुरतं, पण तोच आकडा चार पडद्यांना लागला की ओढाताण सुरू होते, इथवर आलो होतो. या भागात सिग्नल घेऊ. उदाहरण गावातल्या दूध संकलन केंद्राच्या ॲपचं घेतो. तिथे एका आकड्यावर दुसरा उभा असतो, दुसऱ्यावर तिसरा, आणि आकडा चुकला तर तो कुणाच्या तरी दुधाच्या पगारातून जातो.

सभासद दूध घेऊन येतो. काट्यावर लिटर कळतात, यंत्रावर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक). ऑपरेटर हे तीन आकडे भरतो. दरपत्रकातून दर निघतो; आपल्याकडे गायीच्या दुधाचा दर साधारणपणे ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून सांगतात आणि गुणप्रत खाली-वर झाली की तोही हलतो. लिटर गुणिले दर म्हणजे रक्कम. रक्कम सभासदाच्या खात्यात, त्यातून पशुखाद्याची आणि उचलीची कपात. शिवाय केंद्राचे एकूण लिटर आणि सरासरी फॅट (ही लिटरच्या प्रमाणात काढायची, नुसती नोंदींच्या संख्येने भागून नाही).

आता मोजा. प्रत्येक नोंदीत माणसाने भरलेले आकडे फक्त तीन आहेत. दरपत्रक आणि कपाती आधीपासून ठरलेल्या असतात. बाकी सगळं त्यांच्यातून निघतं. तरीही बहुतेक ॲपमध्ये दर, रक्कम, एकूण, सरासरी यांना स्वतंत्र व्हेरिएबल दिलेलं असतं, आणि फॅट बदलली की ही सगळी व्हेरिएबल हाताने नवी करणारं एक फंक्शन लिहिलेलं असतं. पहिल्या महिन्यात ते बरोबर चालतं. मग ‘नोंद दुरुस्ती’चा नवा पडदा येतो. तो लिहिणारा दर बदलतो आणि रक्कम विसरतो. पावतीवर नवा दर आणि जुनी रक्कम शेजारी शेजारी छापली जाते. ॲप बंद पडत नाही, कुठे लाल अक्षरं दिसत नाहीत. म्हणूनच ही चूक मला सगळ्यात वाईट वाटते.

सिग्नलमध्ये मुख्य गोष्टी तीनच. सिग्नल म्हणजे मूळ किंमत ठेवणारी जागा. कम्प्युटेड म्हणजे इतरांवरून काढलेली किंमत. इफेक्ट म्हणजे किंमत बदलल्यावर बाहेरच्या जगात करायचं काम. लिटर, फॅट आणि एसएनएफ हे सिग्नल. दर आणि रक्कम हे कम्प्युटेड. रक्कम एकदाच लिहायची:

रक्कम = कम्प्युटेड(() => लिटर.व्हॅल्यू * दर.व्हॅल्यू)

यानंतर रकमेत कुठूनही किंमत भरता येत नाही. दुरुस्तीचा पडदा लिहिणाऱ्याला विसरायला काही उरतच नाही.

रक्कम लिटरवर आणि दरावर अवलंबून आहे, हे आपण कुठेच नोंदवलेलं नाही. मग ते कळतं कसं? कम्प्युटेड आपलं फंक्शन चालवण्यापूर्वी एका सामायिक जागी ‘आत्ता मी चालतोय’ अशी नोंद करतो. त्या वेळात कुणी लिटरची व्हॅल्यू वाचली, की लिटरचा सिग्नल ती नोंद पाहतो आणि वाचणाऱ्याला आपल्या यादीत घेतो. फंक्शन संपलं की नोंद पुसली जाते. म्हणजे नुसतं वाचणं हीच नावनोंदणी. शिवाय यादी दर वेळी नव्याने बनते. एसएनएफ फारच कमी लागलं म्हणून नोंद नाकारली आणि त्या वाटेवर दर वाचलाच नाही, तर पुढे दरपत्रक बदललं तरी ती नोंद उगाच पुन्हा मोजली जात नाही. हाताने लिहिलेल्या अवलंबनाच्या यादीला हे कधीच नीट जमत नाही.

दुसरा प्रश्न क्रमाचा, आणि तो जुना आहे. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचं व्हिजिकॅल्क ॲपल टू संगणकावर आलं आणि एक खाना बदलला की बाकीचे खाने आपोआप बदलतात हे लोकांनी पहिल्यांदा घरच्या पडद्यावर पाहिलं. पण व्हिजिकॅल्क खाने ओळीच्या किंवा स्तंभाच्या क्रमाने मोजायचं. सूत्रात पुढे येणारा खाना वापरलेला असला तर पहिल्या फेरीत जुनी किंमत धरली जायची आणि पुन्हा मोजायला सांगावं लागायचं. १९८३ साली आलेलं लोटस १-२-३ मात्र कोण कुणावर अवलंबून आहे हे पाहून क्रम ठरवायचं.

आपल्या पावतीत हीच अडचण आहे. पावती फॅटही वाचते, दरही वाचते आणि रक्कमही. फॅट बदलली. पावतीला ही बातमी थेट फॅटकडून आली आणि ती लगेच नव्याने तयार झाली, तर क्षणभर नवी फॅट आणि जुना दर एकत्र दिसतील. याला ग्लिच म्हणतात. चांगली सिग्नल पॅकेजेस यावर दोन टप्प्यांत तोडगा काढतात. मूळ किंमत बदलली की खाली सगळ्यांना फक्त ‘तुमची किंमत शिळी असू शकते’ एवढाच निरोप जातो, मोजणी होत नाही. नंतर पावतीला खरंच किंमत लागते तेव्हा ती दराला विचारते, दर स्वतःला मोजतो, मग रक्कम, मग पावती. फॅट बदलूनही दर तोच आला, तर रक्कम पुन्हा मोजली जात नाही. आणि जी सरासरी आत्ता कुठल्याच पडद्यावर दिसत नाही, ती मोजलीच जात नाही.

वेबवर ही कल्पना २०१० मध्ये स्टीव्ह सँडरसन यांच्या नॉकआउटमधून लोकप्रिय झाली, मधल्या काळात मागे पडली आणि रायन कार्नियाटो यांच्या सॉलिडने तिला पुन्हा पुढे आणलं. २०२२ मध्ये प्रीॲक्टने आणि २०२३ मध्ये अँग्युलरने सिग्नल स्वीकारले. मोबाइलवर नावं वेगळी असली तरी गाभा ओळखीचा आहे: अँड्रॉइडच्या जेटपॅक कंपोझमध्ये म्युटेबलस्टेटऑफ आणि डिराइव्हडस्टेटऑफ, आयओएस १७ पासून ॲपलची ऑब्झर्व्हेशन चौकट. फ्लटरसाठी रोडी डेव्हिस यांचं सिग्नल्स हे पॅकेज प्रीॲक्टच्या सिग्नलवरूनच डार्टमध्ये आणलेलं आहे.

फ्लटरच्या पडद्यावर रकमेचा मजकूर वॉच नावाच्या विजेटमध्ये गुंडाळला की रक्कम बदलल्यावर तेवढाच तुकडा पुन्हा बांधला जातो. सिग्नलची जाहिरात बहुधा या वेगावर होते. साठ हर्ट्झच्या पडद्यावर एका फ्रेमला साधारण १६ मिलिसेकंद मिळतात आणि तीनशे नोंदींच्या यादीत बचत होते, हे खरं. पण फ्लटरमध्ये विजेट पुन्हा बांधणं मुळात स्वस्त आहे. निव्वळ वेगासाठी चालतं ॲप उलथंपालथं करायची गरज नाही. सिग्नल घ्यायचे ते आकड्यांमधलं नातं एकाच जागी लिहिलं जावं म्हणून.

आता खाचखळगे. नावनोंदणी वाचताना होते, पण फक्त एका सलग धावेत. इफेक्टच्या आत अवेट आलं की धाव तुटते, आणि त्यानंतर वाचलेला सिग्नल कुणाच्याच यादीत जात नाही. म्हणून लागणाऱ्या किमती अवेटच्या आधी वाचून घ्याव्यात. दुसरा खळगा याद्यांचा. नोंदींची यादी साध्या सिग्नलमध्ये ठेवली आणि तिच्यात जागेवरच नवी नोंद घातली, तर यादी तीच राहते आणि सिग्नलला काही बदललं असं वाटत नाही. नवी यादी बनवून द्यावी, किंवा याद्यांसाठी असलेला खास सिग्नल वापरावा.

सगळ्यात जास्त गोंधळ मात्र इफेक्टमुळे होतो. पहिला मोह असा, की दर बदलला की रक्कम भरणारा इफेक्ट लिहावा. असं केलं की हाताने जुळवाजुळव करण्याचा जुना रोग नव्या नावाने परत आलाच. ते काम कम्प्युटेडचं आहे. दुसरा मोह जास्त महागात पडतो: रक्कम बदलली की पावती छापायची आणि सभासदाला एसएमएस पाठवायचा, हे इफेक्टमध्ये टाकणं. ऑपरेटर फॅटच्या चौकटीत आधी ‘३’ टाकतो, मग टिंब, मग ‘८’. इफेक्ट प्रत्येक बदलाला धावतो, आणि सभासदाच्या फोनवर ३ फॅटचा एक एसएमएस आणि ३.८ चा दुसरा येऊन पडतो. छपाई हे आकड्यांमधलं नातं नाही. ऑपरेटरने ‘जतन करा’ दाबलं, या घटनेचा तो परिणाम आहे. म्हणून छपाई आणि एसएमएस त्या बटणाच्या फंक्शनमध्येच राहू द्यावेत. चालू नोंदीचा कच्चा मसुदा फोनवर साठवत राहणं, वजनकाट्याशी जोडणी तुटल्यावर पडद्यावर पट्टी दाखवणं, अशी कामं इफेक्टला शोभतात, कारण ती दोनदा झाली तरी कुणाचं नुकसान होत नाही.

पुढच्या भागात नेटवर्क नसताना फोनवर साठलेल्या सकाळच्या नोंदी दूध संघाच्या सर्व्हरवर पाठवताना सिग्नल कुठे थांबवायचे आणि डेटाबेस कुठे सुरू करायचा, ते पाहू.