मूठ एकाची, पाते दुसऱ्याचे

२०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या सदबीज लिलावात एक सरळ पात्याची तलवार पुकारली गेली. महाराष्ट्र सरकारने ती मध्यस्थामार्फत सुमारे ४७ लाख रुपयांना घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोचली. रघुजी भोसल्यांची तलवार घरी आली, असे मथळे सगळीकडे झळकले. आनंद रास्तच होता. पण जुन्या शस्त्रांची पारख करणारा माणूस अशा वेळी जरा आडमुठा वागतो. तलवार कोणाची, हे तो शेवटी विचारतो. आधी त्याला हवे असते ते पाते कुठले, मूठ कुठली, आणि दोघांची गाठ कधी पडली.

या तलवारीचे पाते एकधारी, सरळ आणि युरोपात घडलेले आहे. मूठ इथली, सोन्याच्या कामाची. पात्याच्या पाठीलगत देवनागरीत सोन्याने नाव घातले आहे, त्यात रघुजींचे नाव आणि ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब आहे. म्हणजे पाते घडवणाऱ्याने ते लिहिलेले नाही. परदेशी पाते इथे आले, त्याला इथली मूठ बसली, आणि केव्हातरी त्यावर मालकाचे नाव चढले. तीन हात, तीन वेळा. शिवाय नागपूरच्या गादीवर रघुजी तीन झाले. पहिले १७५५ मध्ये वारले, दुसरे १८१६ मध्ये, तिसरे १८५३ मध्ये, आणि सेनासाहेबसुभा हा किताब घराण्यात चालत आलेला. सरकारने ती पहिल्या रघुजींची मानली आहे. तसे असेलही. पण तो निवाडा नुसत्या नावावरून होत नाही. अक्षरांचे वळण, सोनकामाची जात, मुठीचा घाट यांची साक्ष काढावी लागते. १८१७ ची सीताबर्डीची लढाई आणि १८५४ मध्ये खालसा झालेले संस्थान, या दोन्ही वेळी नागपूरच्या वस्तू बाहेर पडायला वाट होती. त्यामुळे तलवार इंग्लंडात कशी गेली याचे उत्तरही एकच नाही.

आपल्याकडच्या तलवारींची रचनाच अशी, की अख्खी तलवार एका सालाची निघणे ही नवलाची गोष्ट. पात्याचा मागचा निमुळता भाग मुठीच्या पोकळीत जातो आणि तिथे लाखेने पक्का बसवला जातो. मूठ तापवली की लाख मऊ होते, पाते सुटते, दुसरे बसते. मोडलेले पाते बदलणे, आजोबांची मूठ ठेवून नवे पाते घेणे, जिंकलेल्या पात्याला आपल्या दरबाराची मूठ चढवणे, हे सगळे सर्रास चाले. म्हणून मूठ अठराव्या शतकातली आणि पाते सतराव्या शतकातले निघाले, तर ती बनावट नव्हे. बनावट ती, जिच्यातली लाख काल ओतलेली आहे आणि विकणारा मात्र तिला साडेतीनशे वर्षांची म्हणतो. जाणकार म्हणूनच पात्याच्या नक्षीआधी मुठीचे तोंड बघतो. जुनी लाख कडक, काळपट, चिरा गेलेली असते आणि तिच्या कडेने शतकांची मळी बसलेली असते. तिथे पांढरट, चकचकीत, रसायनाचा वास येणारा चिकटा दिसला तर पुढचे भाषण ऐकण्यात वेळ घालवू नये. मुठीच्या शिवणीकडेही बघावे. जुन्या लोखंडी मुठी बहुधा दोन फाके जोडून करत, आणि सांध्यात तांब्याची बारीक तांबूस रेघ दिसते. विजेच्या वेल्डिंगचे मणी तिथे दिसले की काम संपले.

पात्यावरच्या शिक्क्यांनी भल्याभल्यांना चकवले आहे. धावता लांडगा हा पासाऊ आणि झोलिंगेन इथल्या कारागिरांचा छाप. आंद्रेया फेरारा या इटालियन कारागिराचे नाव असंख्य पात्यांवर आढळते. डोळ्याच्या पापणीसारखे दातेरी चंद्र जिनोव्हाच्या नावाने ओळखले जातात. यातले काहीच पुरावा म्हणून एकटे उभे राहत नाही. झोलिंगेनचे लोक फेरारा हे नाव खुशाल ठोकत, आणि आपल्याकडचे लोहारही पापणीचे छाप हुबेहूब काढत. माल खपायला नाव लागते, हे तेव्हाही ठाऊक होते. म्हणून छापाआधी पात्याची जाडी, पन्हळीचा (पात्यावरच्या लांब खोबणीचा) उतार आणि तोल बघायचा.

दुसरी फसवणूक पाणीदार पोलादाची. दख्खनच्या भट्ट्यांतले पोलाद जगभर नावाजलेले होते, आणि आताच्या तेलंगणातले कोनासमुद्रम हे त्याचे मोठे केंद्र. या पोलादात कार्बन साधारण दीड टक्का, आणि पृष्ठावर लहरी दिसतात. विसाव्या शतकाच्या अखेरीस व्हर्होवेन आणि पेंड्रे या अमेरिकी जोडीने दाखवले, की व्हॅनेडियमसारख्या धातूंचा अगदी किंचित अंश कार्बाइडच्या रांगा लावतो आणि त्यातून ही लहर उमटते. लहर धातूच्या पोटातली असल्याने पृष्ठ घासून पुन्हा सौम्य आम्ल लावले की ती परत येते. आम्लाने वरवर कोरलेली खोटी लहर एका घासण्यात जाते. अर्थात दुसऱ्याच्या तलवारीवर हा प्रयोग करू नये, स्वतःच्यावरही जपून. भिंगाखाली बघितले तरी पुष्कळ कळते: खरी लहर धारेपर्यंत, पन्हळीत आणि पाठीवर सलग जाते. खोटी बहुधा सपाट भागापुरती असते.

सोनकामाचेही तसेच. कोफ्तगरीत लोखंडावर आधी बारीक आडव्याउभ्या रेघा ओढून खरबरीत करतात आणि त्यावर सोन्याची तार ठोकून बसवतात. सोने झिजले तिथे खालच्या रेघा दिसायलाच हव्यात. झीजही शहाणी असते. हात लागतो तिथे, परजेच्या आतल्या बाजूला, ती जास्त. सगळीकडे सारखी झिजलेली मूठ ही कोणीतरी झिजवलेली मूठ. उदयपूरला ही कला आजही जिवंत आहे आणि कारागीर ती प्रामाणिकपणे नवी म्हणून विकतात. ती दोनशे वर्षांनी जुनी होते ती पुढच्या दुकानात. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात फिरणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ पैसे वाचतील. गंजाबाबतही हेच. मिठाच्या पाण्याने आणलेला गंज नारिंगी आणि भुसभुशीत असतो; जुना काळा, कठीण, खोबणीत घट्ट.

पितळी कामाबाबत युरोपातल्या पुस्तकांवर डोळे झाकून चालणाऱ्यांना एक इशारा. पितळातले जस्ताचे प्रमाण तीस टक्क्यांच्या वर गेले की वस्तू अलीकडची, असा त्यांचा ढोबळ नियम आहे, कारण तिकडे सुटे जस्त उशिरा आले. क्ष-किरण यंत्राने ते काही मिनिटांत मोजता येते. पण उदयपूरजवळ जावरला शतकानुशतके शुद्ध जस्त उकळून काढत होते. ज्यांच्याकडे जस्त सुटे होते, त्यांच्या पितळाला हा नियम कसा लागणार?

खऱ्याची छान साक्ष बिकानेरच्या शस्त्रांवर मिळते. तिथल्या शस्त्रागारातल्या अनेक हत्यारांवर ठिपक्याठिपक्यांनी देवनागरी नोंद कोरलेली आहे, आणि काहींवर १६८९ मध्ये अदोनी पडली तेव्हा महाराजा अनूपसिंहांकडे ती आल्याचे लिहिले आहे. दख्खनची हत्यारे राजस्थानात कशी गेली, याचा तो धातूवरचा दस्तऐवज. त्याचा भाव कळताच ठिपके नकली पात्यांवरही उमटू लागले. पण जुन्या ठिपक्यांच्या कडा गुळगुळीत झालेल्या असतात आणि खड्ड्यात पाठीसारखाच काळपटपणा असतो. नव्यांच्या कडा बोटाला खुपतात.

कागद मजबूत असला तरी तो किती सांगतो याला मर्यादा असते. जुलै २०२४ मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात आलेल्या वाघनखांचा कागद उत्तम आहे: १८१८ नंतर साताऱ्यात असलेल्या ब्रिटिश अधिकारी जेम्स ग्रँट डफ यांच्याकडून ती वंशपरंपरेने लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात गेली. पण ती अफझलखानाच्या वेळचीच, हे पडताळता येत नाही असे ते संग्रहालय स्वतःच म्हणते. कागद डफपर्यंत जातो, त्यामागची जवळजवळ एकशे साठ वर्षे मोकळी राहतात. ही कबुली मला त्या संग्रहालयाची सर्वांत विश्वासार्ह गोष्ट वाटते.

बिल्ले आणि पदके त्या मानाने सोपी, कारण त्यांच्यावर सरकारचे नियम चालत. पलटणीचे नाव आणि ताजाचा आकार जुळतात का, एवढे बघितले तरी अर्धा बाजार गळतो. ११० मराठा असा आकडा असलेला बिल्ला १९२२ च्या आधीचाच हवा, कारण त्या वर्षी जुन्या मराठा पलटणी एका रेजिमेंटमध्ये आल्या. १९०२ ते १९५२ च्या ब्रिटिश बिल्ल्यांवर फुगीर कमानींचा ताज असतो. मध्ये दबलेला ताज एकतर व्हिक्टोरियाचा किंवा १९५३ नंतरचा. मात्र ओतीव बिल्ला म्हणजे खोटाच, असे मानू नये. युद्धकाळात पलटणी इथल्याच बाजारात वाळूच्या साच्यात बिल्ले ओतून घेत.

पहिल्या महायुद्धाच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. नाव बदलण्यासाठी कड घासली की ३६ मिलिमीटर व्यास किंचित घटतो आणि वर्नियर ते पकडतो. कोरेगावच्या पट्टीचे ‘आर्मी ऑफ इंडिया मेडल’ कोणी पुढे केले तर आणखी एक हिशेब मांडावा. लढाई झाली १ जानेवारी १८१८ ला, आणि हे पदक मंजूर झाले १८५१ मध्ये. तेव्हा हयात असलेल्यांनाच ते मिळाले. तेहतीस वर्षे जगलेले शिपाई किती असतील, आणि त्यातले अर्ज करून पदक घेणारे किती? विकणाऱ्याकडे ते कोणाच्या नावाचे आहे हे विचारावे. नाव नसेल, किंवा ‘साफ करताना गेले’ असे उत्तर आले, तर पदक परत द्यावे.