मध पारखताना दुकानदाराने काय पाहावे?

आम्ही कापड व्यापारी सूत काडीने जाळून पाहतो. जळत्या कागदासारखा वास आला तर सुती, वितळून कडक गोळी झाली तर पॉलिएस्टर. पण मिश्र कापडात सूत किती टक्के आहे हे काडी सांगत नाही. त्याला प्रयोगशाळाच लागते. मधाचेही तसेच आहे. किराणा व युनानी औषधांच्या दुकानांत मध हमखास विकला जातो, म्हणून ही माहिती देत आहोत.

पाण्यात थेंब टाकणे, मधात बुडवलेली वात पेटवणे, मुंग्या लागतात का पाहणे या जुन्या परीक्षा भरवशाच्या नाहीत. साखरेचा घट्ट पाकही पाण्याच्या तळाशी बसतो आणि त्यात पाणी कमी असेल तर वातही पेटते. उलट, थिजलेला मध भेसळीचा समजून ग्राहक परत करतात. वास्तविक अस्सल मधही थिजतो. मोहरीच्या फुलांचा तर लवकर थिजतो. बाटली कोमट पाण्यात ठेवली की तो पुन्हा पातळ होतो.

आपल्या देशातील अन्नसुरक्षा मानकांनुसार मधात पाणी २० टक्क्यांपेक्षा जास्त नसावे. एचएमएफ नावाचा घटक किलोमागे ८० मिलिग्रॅमच्या आत असावा. मध फार तापवला किंवा जुना झाला की तो वाढतो. ऊस व मक्याची साखर 'सी-४' चाचणीत पकडली जाते. तिची मर्यादा ७ टक्के आहे. मात्र तांदळाचा किंवा बीटचा पाक या चाचणीतून निसटतो, कारण ही पिके कार्बन शोषतात ती रीत मधमाश्यांच्या बहुतेक फुलझाडांसारखीच आहे.

दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने १३ ब्रँडचा मध तपासून घेतला व डिसेंबर २०२० मध्ये निष्कर्ष जाहीर केले. जर्मनीत झालेल्या एनएमआर चाचणीत त्यांपैकी फक्त ३ ब्रँड उतरले. कंपन्यांनी भेसळीचा आरोप नाकारला. परंतु साध्या चाचण्यांत पास झालेला माल बारीक चाचणीत नापास होऊ शकतो, हे व्यापाऱ्याने ध्यानात ठेवावे.

तेव्हा ठोक माल घेताना पक्के बिल घ्यावे आणि त्याच बॅचचा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल मागावा. अहवालात तांदळाच्या पाकाची तपासणी झाली आहे का, हे आवर्जून पाहावे. भाव बाजारापेक्षा फार उतरलेला असेल तर कारण विचारावे. ग्राहकालाही २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४० नुसार हक्क आहे: खरेदीच्या वेळी दुकानदाराला तसे सांगून व फी भरून त्याला माल अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतो. माल नियमाबाहेरचा निघाला तर फी परत मिळते.

कंपनी दूर असते, गिऱ्हाईक मात्र आपल्या दाराशी येते. म्हणून थेंब दाखवून शुद्धतेची हमी देऊ नये. कागद हाती असेल तेवढेच बोलावे.