पोकेमॉनचं बळ कशात?

‘पोकेमॉन गो’ आपल्याकडे डिसेंबर २०१६ मध्ये आला, आणि मुलं ‘सीपी’च्या मोठ्या आकड्यावर भुलली. पण हल्ला, बचाव आणि दम यांचे प्रत्येकी १५ पैकी गुण प्राणी पकडतानाच ठरलेले असतात. रूपांतर केलं तरी ते बदलत नाहीत! म्हणून आधी गुण पाहावेत, मगच साठवलेली स्टारडस्ट खर्चावी.

दुबळ्या मॅजिकार्प माशाचा दांडगा गॅराडोस व्हायला तब्बल ४०० कँडी लागतात. त्याला सोबती केलं, की किलोमीटरमागे एक मिळते. मुलगा पैसे मागू लागला तर अंबाझरीला फिरायला न्या. ‘अ‍ॅडव्हेंचर सिंक’ चालू असलं की मोबाईल खिशात ठेवूनही चालणं मोजलं जातं, त्यामुळे डोळे रस्त्यावर राहतात. मात्र आपल्या नागपूरच्या उन्हात दुपारी नको हं, संध्याकाळीच!