प्रचाराची वाणी आणि चार अगती

कोसल जनपदातील केसपुत्त या गावी तथागत गेले असता तेथील कालामांनी त्यांच्यापुढे एक अडचण मांडली. अनेक श्रमण-ब्राह्मण गावात येत, स्वतःच्या मताचा गौरव करीत आणि इतरांच्या मताची निंदा करीत. त्यांपैकी सत्य कोण बोलतो, हे कालामांना कळेना. निवडणुकीच्या दिवसांत एकाच चौकात आळीपाळीने होणाऱ्या सभा ऐकणाऱ्या मतदाराची अडचण नेमकी हीच आहे.

तथागतांनी त्यांना कोणा एका पंथाचे नाव सांगितले नाही. एखादी गोष्ट ऐकीव आहे, परंपरेने आली आहे, ग्रंथात आहे, तर्काला जुळते, बोलणारा भारदस्त वाटतो किंवा तो आपला गुरू आहे, एवढ्यावरून ती स्वीकारू नये, असे सांगून त्यांनी कसोटी दिली. त्या गोष्टीने मनात लोभ, द्वेष आणि मोह वाढतात की क्षीण होतात? सुज्ञ लोक तिची निंदा करतात की प्रशंसा? आणि तिच्या आचरणाने हित होते की अहित? अंगुत्तर निकायातील हा उपदेश राजकीय प्रचारालाही लावून पाहणे उचित आहे, असे आम्हांस वाटते.

चार अगती

दिशाभूल करणारा प्रचार नेहमी असत्याच्याच रूपाने येतो असे नाही. पुष्कळदा त्यातील प्रत्येक वाक्य खरे असते. मात्र ते अशा रीतीने मांडलेले असते की ऐकणाराची विचारशक्ती थांबावी. दीघ निकायातील सिगालोवाद सुत्तात मनुष्य ज्या चार कारणांनी अनुचित मार्गाला जातो ती सांगितली आहेत : छन्द म्हणजे पक्षपात, दोस म्हणजे द्वेष, भय आणि मोह. यांना अगती म्हणतात. प्रचाराची वाणी याच चार दारांनी मनात शिरते. ‘आपला माणूस’ हे आवाहन छन्दाचे. ‘त्यांना धडा शिकवा’ हे द्वेषाचे. ‘आम्ही नसलो तर तुमचे काही खरे नाही’ हे भयाचे. १९७१ मधील ‘गरिबी हटाओ’सारखी घोषणा मनोहर असते, पण कोणत्या उपायाने, किती काळात आणि कोणाच्या खर्चाने, हे प्रश्न तिच्या नादात मागे पडले तर तेथे मोहाचे राज्य सुरू होते.

कायद्याची मर्यादा

द्वेषाच्या दाराचे एक उदाहरण महाराष्ट्रातच घडले. १९८७ साली मुंबईतील विलेपार्ले विधानसभा पोटनिवडणुकीत धर्माच्या नावाने मते मागण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये विजयी उमेदवार डॉ. रमेश प्रभू यांची निवड रद्द ठरविली आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९५ रोजी तो निर्णय कायम केला. ज्यांच्या भाषणांवरून हे घडले त्या बाळ ठाकरे यांचा मताधिकारही पुढे सहा वर्षांसाठी काढून घेण्यात आला. परंतु अंतिम निकाल लागेपर्यंत १९९० आणि १९९५ च्या विधानसभा निवडणुका होऊन गेल्या होत्या.

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२३ धर्म, वंश, जात, समाज व भाषा यांच्या आधारे मत मागणे भ्रष्ट आचरण मानते. उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी जाणूनबुजून केलेले खोटे विधानही त्यात येते. पण पोकळ आश्वासन, अर्धसत्य आकडे किंवा पद्धतशीर रुजविलेली भीती यांना हे कलम सहसा गाठू शकत नाही. कायदा उशिरा येतो आणि थोड्याच जागी पोहोचतो. उरलेली जागा मतदाराच्या जागृतीनेच राखावी लागते.

आपलीही परीक्षा

ही कसोटी इतरांच्या सभांना लावणे सोपे असते. ती आपल्या अंतःकरणाला भिडणाऱ्या आवाहनालाही लावली पाहिजे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत एका बाजूने चारशे जागांची घोषणा झाली आणि काही उमेदवारांनी तिचा संबंध संविधानातील बदलाशी जोडला. दुसऱ्या बाजूने संविधान धोक्यात असल्याची हाक दिली. आपल्या समाजाला हा प्रश्न जिव्हाळ्याचा वाटणे स्वाभाविकच होते. अशा वेळी भय दाबून टाकू नये, परंतु त्याला प्रश्नाचे रूप द्यावे. कोणते कलम? कोणता बदल? अनुच्छेद ३६८ प्रमाणे दुरुस्तीसाठी प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांचे दोन-तृतीयांश बहुमत लागते. लोकसभेच्या सर्व ५४३ सदस्यांनी मतदान केल्यास ही संख्या ३६२ होते. २०२३ पर्यंत १०६ घटनादुरुस्त्या झाल्या होत्या. म्हणजे प्रत्येक दुरुस्ती हा घात नव्हे. केशवानंद भारती खटल्यातील १९७३ च्या निर्णयानुसार संविधानाची मूलभूत चौकट संसदेलाही बदलता येत नाही. हे जाणणारा मतदार भिणार नाही आणि गाफीलही राहणार नाही. तो दोन्ही बाजूंकडून स्पष्ट उत्तर मागेल.

बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घालणाऱ्या प्रत्येक उमेदवारालाही हेच प्रश्न विचारले पाहिजेत. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी राजकारणातील भक्ती ही अधःपतनाची आणि अखेर हुकूमशाहीची वाट आहे, असा इशारा दिला होता. त्यांचेच नाव घेऊन आपल्याकडून भक्ती मागितली जावी, हा त्या इशाऱ्याचा उपमर्द होय.

भावना त्याज्य नाही

याचा अर्थ भावनेला राजकारणात स्थान नाही, असा कोणी घेऊ नये. मार्च १९२७ मध्ये महाडला जमलेल्या लोकांच्या मनात तीव्र भावना होती. पण तिच्यामागे मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केलेला बोले ठराव होता, महाड नगरपालिकेचा १९२४ चा ठराव होता आणि कोणालाही तपासून पाहता येईल असा हक्क होता. ती भावना कोणाच्या द्वेषासाठी चेतविलेली नव्हती. ती पाणी घेण्याच्या कृतीपर्यंत नेणारी होती. जी भावना सत्यावर उभी असते ती प्रश्नाला घाबरत नाही. जी प्रश्न विचारणाऱ्यालाच शत्रू ठरविते, तिच्यापासून सावध राहावे.

म्हणून आमची उपासक-उपासिकांना विनंती आहे की, निवडणूक जाहीर झाल्यावर विहारातील वंदनेनंतर सर्व पक्षांचे जाहीरनामे एकत्र बसून वाचावेत. प्रत्येक आश्वासनापुढे चार प्रश्न लिहावेत : हे आपला माणूस म्हणतो म्हणून पटते काय? कोणाच्या द्वेषामुळे पटते काय? भयामुळे पटते काय? की नीट न समजताच पटते? चारही प्रश्नांतून जे तावून-सुलाखून निघेल, त्यालाच आपले मत द्यावे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना बोलण्याचाही अधिकार नव्हता, त्यांच्या हाती बाबासाहेबांनी हे मत दिले आहे. ते अगतीने जाऊ देणे आपल्याला परवडणारे नाही.